पोरगं चुकलं तर आईबापाला किती धरतात? बडोद्यातल्या आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करते आणि राहायला दांडिया बाजारला. त्यामुळे हळदीकुंकवाला गेले तरी वाण हातात पडायच्या आधी कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "अगं, आमच्या धाकट्याला काल पोलिसांनी अडवलं, आता ह्यांना आत टाकतील का गं?" तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की म्हटलं एकदाच बसून लिहून काढावं. नवरात्र आणि उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आसपास तर फोन थांबतच नाही.

मुलाने काही केलं तर आईबापाला अटक होते का?

पोरगं तुमचं आहे एवढ्यावरून नाही. आपल्याकडे "मुलाचा गुन्हा तो बापाचा गुन्हा" असं सरसकट कुठेच लिहिलेलं नाहीये. तुम्हाला धरतात ते तुम्ही स्वतः काय केलंत त्यासाठी, किंवा करायला हवं होतं आणि केलं नाहीत त्यासाठी. किल्ली कोणी दिली, मांजा कोणी आणून दिला, मोबाईलमधलं कोणी डिलीट केलं, हे सगळे तुमच्याबद्दलचे प्रश्न आहेत, पोराबद्दलचे नाहीत. एकाच कायद्यात मात्र गाडं उलटं फिरतं, तो गाडीचा. तो खाली नीट सांगते.

किती वर्षांच्या मुलाला गुन्हेगार धरतात?

सात वर्षांच्या आतल्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हाच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २० तसं सांगतं, ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि जुन्या आयपीसीत हेच कलम ८२ होतं. सात ते बारामध्ये बघतात की आपण काय करतोय हे समजण्याएवढी अक्कल त्या पोराला होती का. त्याच्या पुढे अठरापर्यंत गुन्हा धरतात पण केस मोठ्यांच्या कोर्टात जात नाही, बाल न्याय मंडळाकडे जाते, जुवेनाईल बोर्ड म्हणतात ते. सोळा ते अठरामधल्या मुलाने खूप गंभीर काही केलं, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असं, तर बोर्ड आधी तपासून त्याला मोठ्यांसारखं चालवायला पाठवू शकतं. हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यापासून आलं.

दहावीतल्या मुलाला ॲक्टिव्हा दिली, जवळच ट्यूशनला जातो. काय होईल?

हाच तो सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि "जवळच" ह्या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाहीये हे आधी लक्षात घ्या.

१ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात १९९-अ नावाचं कलम आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना ह्या कायद्याखालचा गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी, असं धरूनच चालायचं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ह्यातलं शेवटचं लोक ऐकून हसण्यावारी नेतात. अहो सोळाव्या वर्षी पकडला तर नऊ वर्षं! कॉलेज संपेल, नोकरी लागेल, लग्नाचं बघायला लागाल, आणि मुलगा रिक्षाने येणार.

मग लोक म्हणतात की सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना. मिळतं, पालकाच्या लेखी संमतीने, पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. ॲक्टिव्हा शंभरच्या वर आहे. म्हणजे खिशात ते लायसन्स असून तो ॲक्टिव्हावर सापडला तर त्या लायसन्सने तुम्हाला वाचवलं नाही, कारण कायदा म्हणतो की ज्या गाडीचं लायसन्स आहे तीच गाडी चालवत असला पाहिजे. आजकाल ५० सीसीची नवी गाडी शोरूममध्ये मला तरी दिसलेली नाही, त्यामुळे ही सवलत आता कागदावरचीच समजा.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, मग?

मग आजोबा. कलमात "पालक किंवा मालक" असंच आहे. एका घरात बहात्तर वर्षांचे रिटायर्ड गृहस्थ, त्यांच्या नावावर स्कूटर, ती नातू फिरवत होता, आणि कोर्टाच्या बाकावर ते हातात बीपीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन बसलेले मी बघितलेत. त्यांनी ती गाडी चार वर्षांत एकदाही चालवली नव्हती. मामाची, काकाची, दुकानातल्या माणसाची, कोणाचीही असो, आरसी बुकवर ज्याचं नाव तो आलाच.

पण मी दिलीच नव्हती, त्याने न विचारता नेली!

हे सिद्ध केलंत तर सुटाल. कायद्यात तशी जागा आहे, की तुम्हाला माहितीच नव्हतं किंवा तुम्ही थांबवायला पुरेशी काळजी घेतली होती. फक्त सिद्ध तुम्ही करायचं, पोलिसांनी नाही. कोर्ट तुमची संमती होती असंच मानून सुरुवात करतं.

आता माझंच सांगते. आमच्याकडे दाराच्या मागे एक खिळा आहे, सासऱ्यांनी ठोकलेला, त्यावर स्कूटरची किल्ली असायची. नवरात्रात एका रात्री मी दमून झोपले आणि सकाळी बघते तर गाडी जिथली तिथे, पण हेल्मेट उलट्या बाजूच्या आरशाला लटकलेलं. मी कायम डावीकडे लावते. लेकाला विचारलं तर आधी "काय माहित", मग थोडं थांबून कबूल केलं की रात्री दोघं मित्र सेव उसळ खायला गेले होते. कोणी पकडलं नाही, काही झालं नाही. पण दिवसभर माझ्या डोक्यात एकच, की मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असते तर काय सांगितलं असतं? काळजी घेतली होती? खिळा तर त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर होता. आणि तो गाडी शिकला कुठे, तर उन्हाळ्यात ह्यांनीच त्याला रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर शिकवलेलं. तेव्हापासून किल्ली मेथीदाण्याच्या डब्यात असते आणि तो डबा कुठे आहे हे फक्त मला माहितीये.

इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही म्हणतात?

ज्याची मोटर २५० वॅटपर्यंत आणि स्पीड तासाला २५ किलोमीटरपर्यंत, तिलाच नाही. त्याच्या वरची प्रत्येक ई-स्कूटर ही पूर्ण मोटार गाडीच आहे, नंबर प्लेट, लायसन्स, इन्शुरन्स सगळं. दुकानदार विकताना "मुलांसाठीच आहे बेन" म्हणतो आणि मग कोणीतरी मेकॅनिककडून तिचं स्पीड वाढवून आणतं, तर ती पळवाट तिथेच संपली.

ॲक्सिडेंट झाला तर पैसे कोण भरणार? इन्शुरन्स आहे ना?

इथे लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर पॉलिसीची अट मोडली. जखमी माणसाला वाऱ्यावर सोडू नये म्हणून अपघाताच्या भरपाईचं ट्रिब्युनल बऱ्याच वेळा इन्शुरन्स कंपनीला सांगतं की तू आधी भर आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल कर. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग केसपासून हे चालत आलंय. म्हणजे मिळतात समोरच्याला, जातात तुमचेच, आणि ही रक्कम २५ हजारवाली नसते, घर विकायला लावणारी असू शकते.

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेलच, १९ मे २०२४, कल्याणीनगर, सतरा वर्षांचा मुलगा आणि पोर्शे, त्यात मध्य प्रदेशातून नोकरीला आलेले दोन तरुण इंजिनियर गेले. बोर्डाने लगेच जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर बोंब झाली. त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली, की वडिलांवर गुन्हा दाखल झाला होता तो गाडी आणि दारूच्या मोकळिकीवरून, आणि नंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात वडील आणि आई दोघांनाही अटक झाली. आरोप आहेत, निकाल कोर्ट देईल. पण आईबाप कसे अडकतात हे समजायला ह्याच्याइतकं उघड उदाहरण नाही. पोराला वाचवायला जाऊन जे केलं असा आरोप आहे त्याची कलमं वेगळी आणि जास्त जड.

म्हणजे पोराला वाचवायचं पण नाही का?

वकील लावा, जामीन करा, त्याच्या बाजूने उभे राहा, तो तुमचा हक्कच आहे. पण पुरावा नष्ट करू नका, तो न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. गुन्हेगाराला लपवून ठेवणं कलम २४९ खाली. आणि एक गंमत बघा, ह्या २४९ मध्ये नवराबायकोला सूट आहे. नवऱ्याने बायकोला लपवलं किंवा बायकोने नवऱ्याला तर गुन्हा नाही. आईबापाला ती सूट नाहीये! मला हे शिकताना फार खटकलं होतं, अजून खटकतं.

क्रिकेटच्या बॉलने शेजाऱ्याच्या गाडीची काच फुटली. द्यायलाच पाहिजे का?

फौजदारी काही होत नाही, मुद्दाम फोडली नसेल तर तो "मिस्चिफ", म्हणजे नुकसान करण्याचा गुन्हा, पण नाही. दिवाणी दावा मुलावर होऊ शकतो, पालकामार्फत चालतो, पण बारा वर्षांच्या पोराकडे काय आहे वसूल करायला? आणि बाप म्हणून बाप आपोआप देणं लागत नाही, तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, उदाहरणार्थ तुम्हीच पार्किंगमध्ये स्टंप लावून दिले असतील तर. हे झालं कायद्याचं. आता शेजारधर्माचं, अर्धे तरी द्या हो. रोज लिफ्टमध्ये भेटायचंय.

उत्तरायणला चायनीज मांजाने कोणाचा गळा कापला तर?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये नायलॉन-सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली. त्याशिवाय आपल्याकडे दरवर्षी पोलिसांचं जाहीरनामं निघतंच. आता अगाशीवर दहा वर्षांचं पोरगं पतंग उडवतंय आणि फिरकीत तो प्लास्टिकचा दोरा आहे, तर प्रश्न हाच येतो की फिरकी आणली कोणी. पोराने स्वतःच्या पैशातून गुपचूप आणली असेल तर तुमची बाजू वेगळी. पण गेंडीगेटला जाऊन बापाने दोन फिरक्या आणल्या असतील, वर "ह्याने कोणी आपला पतंग कापूच शकत नाही" असं शिकवलं असेल, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा बापाचा स्वतःचा होऊ शकतो, कोणी गेलं तर निष्काळजीपणाने मृत्यू. पोरगं लहान आहे ह्याने बापाची सुटका होत नाही.

मी सुरतचा सुती मांजाच आणते. तो पण कापतो, त्यामुळे स्कूटरवरून जाताना त्या दोन दिवसांत गळ्याला मफलर हवाच.

मुलाने क्लासमधल्या मुलीचा फोटो एडिट करून ग्रुपवर टाकला. सिम माझ्या नावावर आहे.

पोलीस पहिले तुमच्याच दारात येतील, कारण त्यांना सिमवरचं नावच दिसतं. घाबरू नका, चौकशी म्हणजे आरोपी नाही. पण हे प्रकरण हलकं पण घेऊ नका. मुलगी अठराच्या आतली आणि फोटो अश्लील असेल तर आयटी कायद्याचं ६७-ब लागतं, पहिल्या वेळेलाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, पण येऊ शकतो. मुलाचं बोर्डात चालेल. तुम्ही फक्त एक करा, फोनला हात लावू नका. "डिलीट करून टाक आणि विषय संपव" हे वाक्य बाबा लोक रागात म्हणतात आणि तेवढ्यानेच स्वतः केसमध्ये येतात.

आणि त्या मुलीच्या घरी "मुलं आहेत, होतं असं" म्हणायला जाऊ नका. गेलात तर माफी मागायला जा, वकिलाला विचारून.

पोराने उधारीवर बूट-मोबाईल उचलले, दुकानदार माझ्याकडे मागतोय.

अल्पवयीन माणसाचा करार मुळातच रद्दबातल, १९०३ पासून, मोहरीबीबी विरुद्ध धरमोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं आपलं सगळ्यात वरचं कोर्ट. लॉच्या पहिल्या वर्षाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दुकानदाराने शाळेच्या ड्रेसमधल्या मुलाला उधार दिलं तर त्याची जोखीम. पण तुम्हीच आधी चार वेळा त्याला पाठवून उधारी आणवली असेल आणि नंतर फेडली असेल तर दुकानदार म्हणू शकतो की मी तुमचा माणूस समजून दिलं, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. वस्तू परत करा, मिटवा.

पेपरात जाहीर नोटीस दिली की "मुलगा आमच्या कह्यात नाही", तर सुटतो का?

संध्याकाळच्या गुजराती पेपरात ह्या नोटिसा येतात ना, फोटोसकट, मला त्या वाचून नेहमी वाईट वाटतं. कायद्याने बघाल तर मुलगा अठराच्या आत असेल तर त्या नोटिशीला काडीची किंमत नाही, बाप असणं पेपरात राजीनामा देऊन संपत नाही. अठराच्या वर असेल तर त्याच्या गुन्ह्याला किंवा कर्जाला तुम्ही आधीपासूनच जबाबदार नव्हता, मग नोटीस कशाला? एक उपयोग होतो, उधारी देणाऱ्यांना समजतं की बाप भरणार नाही. वडिलोपार्जित इस्टेटीतला जन्माने आलेला हिस्सा मात्र ह्या नोटिशीने जात नाही. नऊशे रुपये जाहिरातीचे गेले, आणि आत्याबाईंचे फोन आले ते वेगळे.

आईबापाला दंड हे काय नवीन निघालंय?

बडोद्याच्या माणसाने हे विचारावं म्हणजे कमालच! सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, आणि पोराला शाळेत पाठवलं नाही तर दंड कोणाला? आईबापाला. १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, त्यात पण दंड लग्न लावणाऱ्या मोठ्यांना. आजच्या २००६ च्या कायद्यातही बालविवाह लावणाऱ्या किंवा होऊ देणाऱ्या आईबापाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे, बाईला कैद नाही. तर चूक पोराची आणि विचारणा घरच्यांना ही पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

बोर्ड आईबापाला दंड करू शकतं?

हो, बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये तसं आहे, मुलाला किंवा आईबापाला दंड भरायला सांगता येतो. पण साधारण किरकोळ गोष्टीत समज देऊन घरी पाठवतात, आईबापाला पण समुपदेशनाला बसवतात, किंवा समाजसेवा करायला लावतात. बोर्डावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई. वातावरण कोर्टासारखं कडक नसतं. आईबाप तिथे जाऊन पोराला चारचौघांत झापायला लागतात तेव्हा बोर्डातली माणसं पोरापेक्षा आईबापाकडेच जास्त बघतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग घरी चांगला बडवून काढला तर चालेल?

बाल न्याय कायद्याचं कलम ७५ बघा, ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. एक चापटी आणि पट्ट्याने सोलणं ह्यात फरक आहे आणि तो तुम्हाला समजतो. त्याच कायद्याचं ७७ पण माहिती असू द्या, मुलाला दारू, तंबाखू, नशा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. "बाळा, चल एक पाकीट घेऊन ये" म्हणून पाठवता ना, ते बंद करा.

आणि कोणाचं पोर चुकीच्या कामाला वापरलं तर?

न्याय संहितेच्या कलम ९५ खाली मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला कमीत कमी तीन वर्षं, दहापर्यंत. आपल्या दारूबंदीच्या राज्यात दप्तरातून बाटल्या पोचवायला पोरं वापरतात, त्यात बापच वापरणारा असला तरी सुटका नाही.

पोलीस घेऊन गेले तर लगेच काय?

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, जेलमध्ये तर नाहीच. २४ तासांच्या आत बोर्डापुढे न्यायचं, आणि तुम्हाला कळवायचं. प्रत्येक पोलीस स्टेशनला मुलांसाठीचा वेगळा अधिकारी नेमलेला असतो, तो मागा. किरकोळ आणि मधल्या गुन्ह्यांत, मोठ्या माणसासोबत केलेला नसेल तर, एफआयआर पण होत नाही, डायरीत नोंद होते. जामीन हा नियम आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टातच विधी सेवा प्राधिकरण आहे, मुलांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय.

तो टाकणाऱ्याला सांगा की मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. सेक्रेटरी असो नाहीतर कोणी असो. दोन मिनिटांत डिलीट होतं, अनुभव आहे. आणि बोर्डात झालेलं प्रकरण पुढे नोकरी-पासपोर्टला आडवं येऊ नये अशी तरतूद आहे, अपिलाची मुदत संपली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, अगदी गंभीर आणि मोठ्यांसारखी चालवलेली केस सोडून.

जाताना कागद कोणते न्यायचे?

वयाचे. सगळं त्यावर उभं आहे. पहिला शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर कॉर्पोरेशनचा जन्मदाखला, तो पण नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड ह्या यादीत नाहीये, आणि रात्री अकराला धापा टाकत येणारा प्रत्येक बाप नेमकं तेच घेऊन येतो.